ग्रामीण रुग्णालय रात्री दोनला भरवशाचं आहे का, हे कसं तपासायचं

आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ‘२४ तास सेवा’ असं रंगवलेलं असतं. ते खरं की नुसता रंग, हे दुपारी बारा वाजता कळत नाही. त्या वेळी ओपीडी चालू असते, डॉक्टर खुर्चीत असतात, औषधाच्या खिडकीशी रांग असते आणि सगळं ठीकच दिसतं. भरवसा लागतो तो रात्री दोनला, रविवारी, पोळ्याच्या दिवशी किंवा वीज जाऊन चार तास झाल्यावर. म्हणून पाहणीची सुरुवात ‘काय काय आहे’ या यादीपासून करू नका. एक रुग्ण डोळ्यांपुढे धरा: झटके आलेली गरोदर बाई, घोणस चावलेला शेतकरी, जन्मल्यावर न रडलेलं बाळ. तो दारात आल्यापासून त्याला काय काय लागेल, ते क्रमाने मोजत जा. त्यातली एक गोष्ट नसली तर उरलेल्या दहा असून रुग्णाला उपयोग नसतो. अहवालात मात्र त्याच केंद्राला अकरापैकी दहा गुण पडतात.

रुग्ण कल्याण समितीचे किंवा ग्रामपंचायतीचे सदस्य, आशा गटप्रवर्तक, गावातली कुणीही चार समंजस माणसं ही तपासणी करू शकतात. वैद्यकीय शिक्षण लागत नाही. वही, पेन आणि बेरीज-भागाकार पुरतात.

आधी दवाखाना कोणाचा, ते पाहा

महाराष्ट्रात उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं. त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. साधारण तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, म्हणजे केंद्र सरकारच्या कागदांतलं समुदाय आरोग्य केंद्र, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं असतं. तिथं वैद्यकीय अधीक्षक आणि वर जिल्हा शल्यचिकित्सक. ग्रामीण रुग्णालयाची तक्रार जिल्हा परिषदेत दिली की ती ‘योग्य कार्यवाहीसाठी’ या टेबलावरून त्या टेबलावर फिरते, आणि दोन महिने असेच जातात.

मोजपट्टी म्हणून भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं वापरा. ती २००७ मध्ये आली, २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. लोकसंख्येचा रूढ निकष असा: उपकेंद्र ५,००० लोकांमागे, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० आणि समुदाय आरोग्य केंद्र १,२०,००० लोकांमागे, डोंगरी आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,०००. पण कागदावरची लोकसंख्या आणि दारात येणारी माणसं यांत फरक पडतो. साखर कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात टोळ्या उतरतात. त्यातल्या गरोदर बायका आणि लहान मुलं कोणाच्याच यादीत नसतात, औषधं मात्र त्यांनाही लागतात. तेव्हा गेल्या वर्षाच्या ओपीडीचे आणि बाळंतपणांचे महिनावार आकडे आधी मागून घ्या. पुढचा सगळा हिशोब त्यांवर चालेल.

माणसं: मंजूर, भरलेली, हजर

पदांच्या बाबतीत तीन वेगवेगळे आकडे लिहा. मंजूर पदं किती, भरलेली किती आणि आज इथं काम करणारी किती. पहिल्या दोन आकड्यांतलं अंतर सगळ्यांना माहीत असतं, वर्तमानपत्रातही येतं. खरी गळती दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्याच्या मध्ये असते. पगार या केंद्रातून आणि काम दुसरीकडे, याला प्रतिनियुक्ती म्हणतात. शिवाय प्रशिक्षण, प्रसूती रजा, शिबिरं आणि तालुक्याच्या बैठका असतातच. कागदावर पद भरलेलं असल्यामुळे त्या जागी दुसरं माणूसही मागता येत नाही. रिकाम्या पदापेक्षा हे वाईट.

आता पाळ्यांचा हिशोब. सकाळ, दुपार, रात्र धरून दिवसाला तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला २१. रात्रपाळीनंतरची सुट्टी आणि साप्ताहिक सुट्टी धरली तर एक परिचारिका आठवड्यात साधारण पाच पाळ्या करते. २१ भागिले ५ म्हणजे चारहून जरा जास्त. रजा आणि प्रशिक्षण जमेस धरलं की एका जागी चोवीस तास एक परिचारिका ठेवायला किमान पाच जणी लागतात. प्रसूतिगृह आणि वॉर्ड या दोन जागा धरल्या तर दहा. तीन परिचारिकांवर ‘२४ तास’ चालवलेल्या केंद्रात रात्री एकच जण असते, तीही कधी कधी फोनवर. अशा वेळी दोन बाळंतपणं एकदम आली की एकीला रेफर केलं जातं. बाहेर त्याला निष्काळजीपणा म्हणतात, पण मूळ या भागाकारात असतं.

डॉक्टरांच्या बाबतीत संख्येपेक्षा जोड्या पाहा. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे पण भूलतज्ज्ञ नाही, तर सिझेरियन होत नाही. क्ष-किरण यंत्र आहे पण तंत्रज्ञ नाही, तर यंत्रावर कापड पांघरलेलं असतं. भूलतज्ज्ञ बऱ्याच ठिकाणी बाहेरून, केसमागे मानधनावर बोलावतात. मागच्या केसचं मानधन थकलं की रात्रीचा फोन उचलला जात नाही. म्हणून ‘भूलतज्ज्ञ आहे का’ असं विचारू नका. ‘शेवटचं मानधन कोणत्या महिन्यापर्यंतचं मिळालंय’ असं विचारा. उत्तरावरून पुढच्या महिन्यात काय होणार ते कळतं.

बंधपत्रित डॉक्टर हा आणखी एक घटक. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. त्यांच्यावर चालणारं केंद्र दरवर्षी एकदा हमखास हलतं, कारण जुने जातात आणि नवे रुजू व्हायला वेळ लागतो. तारीख आधीच माहीत असते, तरी त्यांच्या जागी येणाऱ्या डॉक्टरांची सोय आधी केलेली क्वचितच दिसते. समितीने निदान दोन महिने आधी हा विषय लेखी काढावा.

तपासायचं कसं? नोटीस बोर्डावरचा ड्युटी चार्ट, हजेरीपत्रक आणि रात्रीच्या रुग्णांची नोंद या तीन गोष्टी एकाच आठवड्याच्या शेजारी शेजारी ठेवा. चार्टवर नाव आहे, सहीही आहे, पण रात्री आलेल्या एकाही केसपेपरवर त्या डॉक्टरांची वेळेसह नोंद नाही, असं वारंवार दिसलं तर काय ते समजायचं. निवासस्थान राहण्याजोगं आहे का, तेही बघा. छत गळतं, नळाला पाणी नाही, दारं मोडलेली, अशा घरात मुलाबाळांसह कोणी राहत नाही. मग ‘मुख्यालयी राहत नाहीत’ ही तक्रार पिढ्यान् पिढ्या तशीच चालते.

औषधसाठा रुग्णांत मोजा, कुप्यांत नाही

ही सगळ्यात कामाची सवय. साठा नोंदवहीत ‘मॅग्नेशियम सल्फेट: ६ अँप्युल’ असं लिहिलेलं असतं. शून्य नाही, म्हणून अहवालात ‘उपलब्ध’ अशी खूण होते. गरोदरपणात झटके आल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रावर रेफर करण्याआधी जो पहिला डोस द्यायचा असतो, तो १० ग्रॅमचा: दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम. ५० टक्क्यांच्या, २ मिलीच्या एका अँप्युलमध्ये औषध १ ग्रॅम. म्हणजे एका बाईला दहा अँप्युल लागतात. सहा म्हणजे एकही नाही. दोन रुग्णांची सोय म्हणून किमान वीस हवीत, आणि सोबत उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट. ती कुलूपबंद भांडारात असून चालत नाहीत, प्रसूतिगृहातल्या ट्रेमध्ये हवीत. भांडाराची किल्ली औषध निर्माण अधिकाऱ्यांकडे आणि ते रात्री तालुक्याच्या गावी, हा प्रकार नेहमीचा.

सर्पदंशाचंही तसंच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस, म्हणजे प्रतिविष, आपल्याकडे मिळते. विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात आणि रक्त गोठत नसेल तर पुन्हा तेवढ्या. चार कुप्या असलेलं केंद्र एकाही रुग्णाला पूर्ण उपचार देऊ शकत नाही. वीस असल्या तर एकाची पक्की सोय झाली. लसीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रेनालिन भरायला तयार हवं. मण्यार चावल्यावर श्वास थांबू शकतो, म्हणून अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवीही हाताशी हवी आणि तिचा मास्क फाटका नको. रक्त गोठतंय का ते पाहायला वीस मिनिटांची चाचणी असते: दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी वाकडी करून बघायचं. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर रक्त गोठत नाही आणि चाचणी फसते. मग विष चढलेलं नसताना लस दिली जाते. काचेच्या चार-पाच नव्या नळ्या वेगळ्या ठेवलेल्या आहेत का, हे जरूर विचारा. पाच मिनिटांत त्या केंद्राचा स्वभाव कळतो.

कोकणात आणि घाटाखालच्या भागात विंचूदंशासाठी प्राझोसिन हवंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे ही साधी गोळी विंचूदंशाच्या उपचारात आली. ती स्वस्त आहे, आणि बहुधा म्हणूनच मागणीपत्रात लिहायची राहून जाते.

कुत्रा चावल्यावरच्या लसीचं वेळापत्रक कातडीच्या आत टोचायच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ या दिवसांचं असतं. त्यामुळे ‘आज लस आहे’ एवढं पुरत नाही. आज सुरू केलेल्या माणसाला सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशीही लस मिळाली पाहिजे. खोल जखमेला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते कुठं मिळतं, हे भिंतीवर लिहिलेलं हवं.

*मागणी कमी का पडते*

औषधं वर्षाच्या खपावरून मागवली जातात, आणि इथंच एक गोम आहे. समजा एखादी गोळी बारा महिन्यांत ९०० गेली. महिन्याला ७५ असा हिशोब करून पुढची मागणी पाठवली. पण वर्षातले दोन महिने ती गोळी संपलेली होती. खरा खप दहा महिन्यांत ९००, म्हणजे महिन्याला ९०. तुटवड्यामुळे खप कमी दिसतो, कमी खपावरून कमी मागणी जाते आणि पुढच्या वर्षी तुटवडा आणखी लवकर येतो. म्हणून साठा नोंदवहीत प्रत्येक औषध कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत शून्यावर होतं, ते आधी शोधा आणि भागाकार साठा असलेल्या महिन्यांनीच करा.

मागणी कधी पाठवायची, त्याचाही हिशोब सोपा आहे. पुरवठा यायला तीन महिने लागत असतील तर तीन महिन्यांचा खप आणि वर एक महिन्याची शिल्लक, एवढ्यावर साठा आला की मागणी गेलीच पाहिजे. वरच्या उदाहरणात ३६० गोळ्यांवर. संपल्यावर मागणी म्हणजे तीन महिने रुग्णांच्या हातात बाहेरून औषध आणायच्या चिठ्ठ्या. सापाची लस आणि ओआरएस यांची मागणी हंगाम पाहून, पेरणीच्या आणि पावसाच्या आधी पुरेशी पोचेल अशी करायला हवी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात केलेल्या मागणीला अर्थ नसतो.

ई-औषधी या औषधसाठ्याच्या संगणकीय प्रणालीतला आकडा, साठा नोंदवही आणि कपाटातला प्रत्यक्ष माल, हे तिन्ही पाच औषधांपुरते जुळवून पाहा. मुदतीची तारीख वाचा. जवळच्या मुदतीचा माल पुढे आणि लांबचा मागे, असं नसेल तर नवा माल आधी संपतो आणि जुना फेकावा लागतो. बाहेरून औषध आणायच्या चिठ्ठ्याही गोळा करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे अशी प्रत्येक चिठ्ठी हा तुटवड्याचा तारखेसकट पुरावा असतो.

लसी आणि शीतसाखळी

लसींच्या आयएलआर (बर्फाच्या अस्तराच्या) फ्रीजचं तापमान २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये हवं. रोज दोन वेळा, सुट्टीच्या दिवशीही, नोंद व्हायला हवी. नोंदवही उघडून दोन गोष्टी बघा. महिनाभर सकाळ-संध्याकाळ ‘४, ४, ४, ४’ असेल तर तापमान वाचलेलं नाही, लिहिलेलं आहे. खऱ्या फ्रीजचा आकडा थोडा वरखाली होतोच. दुसरं म्हणजे, गावात वीज दहा तास गेली होती त्या तारखेचं पान काढा. त्या दिवशीही चारच असेल तर बोलायलाच नको.

लोकांना लस तापण्याची भीती वाटते. गोठण्याची वाटत नाही, आणि नुकसान तिथंही तेवढंच होतं. वरून उघडणाऱ्या आयएलआरमध्ये तळ सगळ्यात थंड. पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस-बी, टीडी, पीसीव्ही आणि आयपीव्ही या गोठल्यावर निकामी होणाऱ्या लसी वरच्या जाळीच्या टोपलीतच हव्यात. तळाला फक्त पोलिओचे थेंब, गोवर-रुबेला, बीसीजी अशा लसी. लसीला उष्णता लागलीय का, ते कुपीवरच्या व्हीव्हीएम या रंग बदलणाऱ्या खुणेवरून कळतं: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेपर्यंत लस वापरता येते, रंग एक झाला की फेकायची. पण व्हीव्हीएम फक्त उष्णता सांगतं, गोठणं सांगत नाही. त्यामुळे ‘खूण चांगली आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

ऑक्सिटोसिनही २ ते ८ अंशांतच ठेवायचं इंजेक्शन आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी ते लागतं. एप्रिल-मे महिन्यात प्रसूतिगृहाच्या खिडकीशी ट्रेमध्ये दिवसेंदिवस पडलेलं ऑक्सिटोसिन टोचलं जातं, पण गर्भाशय आवळत नाही, आणि दोष बाईच्या ‘अशक्तपणा’वर जातो. प्रसूतिगृहात छोटा फ्रीज आहे का आणि तो चालतो का, एवढं पाहायला मिनिटही लागत नाही.

वीज, ऑक्सिजन, पाणी

जनरेटर आहे का, हे विचारू नका. चालू करून दाखवा म्हणा. आठवड्यातून एकदा, प्रत्यक्ष भार देऊन, पंधरा-वीस मिनिटं चालवलेला जनरेटरच गरजेच्या रात्री चालतो. एरवी बॅटरी उतरलेली असते. डिझेल किती तासांचं आहे आणि ते आणायचे पैसे कोणाच्या सहीने निघतात, ते लिहून घ्या. इन्व्हर्टरवर कोणते पॉइंट आहेत तेही बघा. बऱ्याचदा कार्यालयातला पंखा आणि संगणक त्यावर असतात, आणि बाळाचा वॉर्मर व सक्शन यंत्र नसतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन तासांत बदलता येणारी ही गोष्ट वर्षानुवर्षं तशीच राहते.

जुन्या वायरिंगवर वॉर्मर, एसी, कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) असा नवा भार चढत जातो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतर अग्निसुरक्षा तपासणीचे अहवाल मागवले गेले. तुमच्या केंद्राचा तो अहवाल मागा आणि त्यातल्या किती त्रुटी दुरुस्त झाल्या, ते खोलीखोलीत फिरून बघा. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा, आणि आपत्कालीन दाराला कुलूप नको.

ऑक्सिजनचाही हिशोब मिनिटांत करा. लहान, बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १,५०० लिटर वायू असतो, मोठ्या डी टाइपमध्ये साधारण ७,०००. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला बी टाइप अडीच तास पुरतो, डी टाइप साडेअकरा तास. सिलिंडर अर्धा असेल तर वेळही अर्धा. जिल्ह्याला पोचायला दोन तास लागत असतील तर एका बी टाइपवर निघणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. कॉन्सन्ट्रेटर वीज गेली की बंद, म्हणून तो सिलिंडरची जागा घेऊ शकत नाही. आणि सिलिंडर उघडायची चावी! ती साखळीने सिलिंडरलाच बांधलेली असावी. भरलेले सिलिंडर आहेत आणि चावी सापडत नाही, असं होतं.

पाण्याला खाटेमागे दिवसाला ४५० ते ५०० लिटर धरतात. तीस खाटांना साडेतेरा ते पंधरा हजार लिटर. टाकीची क्षमता आणि उन्हाळ्यातले टँकर मोजा. पाणी नसेल तर पहिल्यांदा हात धुणं बंद होतं, मग प्रसूतिगृहाची सफाई.

सिझेरियन आणि रक्त

ग्रामीण रुग्णालय ‘प्रथम संदर्भ केंद्र’ म्हणून जाहीर असेल तर तिथं तीन गोष्टी चोवीस तास हव्यात: सिझेरियनसह तातडीची प्रसूती सेवा, नवजात बाळाची काळजी आणि रक्त साठवण केंद्र. हे खरं आहे का, ते ओळखायची एकच खूण पुरते. शस्त्रक्रिया नोंदवहीतून गेल्या तीन महिन्यांतली सिझेरियन काढा आणि त्यांतली रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेतली वेगळी मोजा. बाळंतपणं घड्याळ पाहून येत नाहीत. चाळीस सिझेरियनांत रात्रीचं एकही नसेल तर ती ठरवून केलेली शस्त्रक्रिया आहे, तातडीची सेवा नाही.

रक्त साठवण केंद्र मोठ्या रक्तपेढीशी जोडलेलं असतं आणि रक्त २ ते ६ अंशांत ठेवावं लागतं. तिथला आजचा गटवार साठा विचारा. ‘मागणी आली की आणतो’ असं उत्तर आलं तर रक्त यायला किती वेळ लागतो, ते मिनिटांत विचारा. प्रसूतीनंतरच्या जोरदार रक्तस्रावात जीव जायला दोन तासही पुरतात. तपासण्यांसाठी नमुने बाहेर जात असतील तर ते दिवसातून कितीदा उचलतात हेही लिहा. रात्रीचं हिमोग्लोबिन, रक्तगट आणि लघवीतलं अल्ब्युमिन जागेवरच व्हायला हवं.

रेफर नोंदवही वाचायची कशी

केंद्राबद्दल सगळ्यात जास्त खरं ही वही सांगते, आणि ती सगळ्यात कमी उघडली जाते. तीन महिन्यांच्या नोंदी घ्या आणि कारणांचे दोन ढीग करा. एक, ज्यांना वरच्या रुग्णालयात जाणं भागच होतं. दोन, ज्यांच्यावर इथंच उपचार व्हायला हवे होते पण माणूस, औषध किंवा यंत्र नव्हतं. दुसऱ्या ढिगातली कारणं वार आणि वेळेप्रमाणे मांडली की गळती नेमकी कुठं ते दिसतं: शनिवार-रविवार, रात्री बारानंतर, किंवा एखादी व्यक्ती रजेवर असलेला आठवडा. कारणाच्या रकान्यात सगळीकडे ‘पुढील उपचारार्थ’ एवढंच असेल तर पहिली सुधारणा तीच मागा. रेफर कमी करा असा दबाव मात्र टाकू नका. दबाव आला की ज्याला पाठवायलाच हवं तो रुग्णही तासभर अडकवून ठेवला जातो.

गाडीच्या बाबतीत पाच वेळांची नोंद घ्या: रेफर ठरल्याची, फोन केल्याची, गाडी आल्याची, निघाल्याची आणि पुढे दाखल झाल्याची. शेवटची वेळ नातेवाइकांकडून मिळते. १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका गरोदर माता आणि आजारी नवजात बाळांसाठी, १०८ क्रमांकाची सगळ्या तातडीच्या प्रसंगांसाठी. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. १०८ मध्ये डॉक्टर असतो. १०२ मध्ये बहुतेक वेळा फक्त चालक, म्हणून रक्तस्राव होणाऱ्या बाईबरोबर परिचारिका गेली की केंद्र मोकळं पडतं आणि नाही गेली की बाई एकटी पडते. पुन्हा तोच पाच जणींचा भागाकार. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. डिझेलसाठी पैसे मागितले असतील तर तारीख आणि रक्कम नोंदवा. पुढच्या रुग्णालयाला आधी फोन केला होता का, हेही विचारा. तो फोन न झाल्यामुळे रुग्ण तिथं पोचतो आणि तिथून पुन्हा पुढे पाठवला जातो.

पाहणीला जाताना

वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवा आणि दिवस ठरवा. एक फेरी दिवसा, दुसरी परवानगी घेऊनच पण रात्री. दोन-तीन माणसं पुरेत, त्यांत एक बाई हवीच. प्रसूतिगृहात आणि वॉर्डात मोबाइल काढू नका, रुग्णाचं नाव उतरवू नका. आवाज चढवायचा मोह होतो. पण रात्री समोर सापडते ती हजर असलेली परिचारिका, आणि गैरहजर माणसाचा राग तिच्यावर निघतो. पुढच्या बदलीत तीही जाते.

सापडलेल्या गोष्टींचे दोन भाग करा. चावी, नळ्या, इन्व्हर्टरचे पॉइंट, ट्रे, कारणाचा रकाना या गोष्टी केंद्राच्या पातळीवर आठवड्यात होतात. किरकोळ दुरुस्तीला रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो, पण समितीची बैठकच होत नाही आणि मग मार्चमध्ये घाईघाईने खुर्च्या घेतल्या जातात. म्हणून शेवटच्या तीन बैठकांची इतिवृत्तं मागा. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा वर्षाचा १०,००० रुपयांपर्यंतचा निधी वेगळा असतो, तो केंद्राच्या दुरुस्तीत घालू नये. रिक्त पदं, भूलतज्ज्ञाचं मानधन आणि औषधपुरवठा हे जिल्ह्याचे विषय. ते तारखा आणि आकड्यांसह लेखी द्या. ‘सेवा चांगली नाही’ असं लिहिलं तर ‘सेवा सुरळीत सुरू आहे’ असंच उत्तर येतं. ‘एप्रिल ते जून या काळात सर्पदंशाची लस ४१ दिवस शून्यावर होती’ असं लिहिलं की कोणाला तरी खुलासा करावा लागतो. २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीच्या जनसुनवाया झाल्या, त्यांतही अशाच मांडणीचा उपयोग झाला.

वह्या पाहायला दिल्या नाहीत तर माहितीचा अधिकार आहे. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा. फी १० रुपये, प्रतीसाठी पानाला २ रुपये, उत्तर ३० दिवसांत. मजकूर इतका नेमका ठेवा: ‘ग्रामीण रुग्णालयातील १ एप्रिल ते ३० जून या काळातील संदर्भित रुग्ण नोंदवहीच्या प्रती, रुग्णाचे नाव व पत्ता झाकून, तारीख, वेळ, संदर्भाचे कारण आणि संदर्भित रुग्णालय हे रकाने आवश्यक.’ साठा नोंदवहीसाठी दुसरा अर्ज, हजेरी आणि ड्युटी चार्टसाठी तिसरा. नाव झाकून मागितल्यामुळे ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज फेटाळायला जागा राहत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करावं लागतं. ती तारीख अर्ज देतानाच वहीत लिहून ठेवा.